बार्तोलो मास्कारेल्लो : चार बागा, एकच बारोलो

तोरीनकर
परवाच्या धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं की जुनी वाइन म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, बाटली वीस वर्षं ठेवून देण्यात कसलं आलंय कर्तृत्व. तिथेच दोन ओळी खरडायला घेतल्या आणि त्या लांबत गेल्या, म्हणून हा वेगळा धागा. एका माणसाबद्दल आहे, आणि त्याने आयुष्यभर केलेल्या एका वाइनबद्दल.

आधी जागा सांगतो. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात पिएमाँते प्रांत, त्यात तानारो नदीकाठी आल्बा हे बाजाराचं गाव, आणि त्याला लागून लांगेच्या टेकड्या. या टेकड्यांतल्या अकरा गावांच्या हद्दीत पिकलेल्या नेब्बिओलो द्राक्षाची, आणि फक्त त्याच द्राक्षाची, वाइन असेल तरच बाटलीवर 'बारोलो' लिहिता येतं. द्राक्षं काढली त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने मुरवायची, त्यातले 18 लाकडी पिंपात. 'रिझर्वा' म्हणवून घ्यायचं तर 62 महिने. बारोलो हे मुळात एका लहानशा गावाचं नाव. त्या गावात व्हिया रोमा नावाच्या रस्त्यावर मास्कारेल्लोंचं घर आहे आणि घराखाली तळघर.

बार्तोलोचे वडील जूलिओ पहिल्या महायुद्धानंतर स्वतःच्या नावाने बाटल्या भरायला लागले. त्या काळी ही मोठी हिंमत होती. लांगेतला शेतकरी द्राक्षं गाडीत घालून आल्बाच्या चौकात न्यायचा आणि मोठ्या वाइनवाल्यांचे दलाल सांगतील त्या भावाला विकायचा. दलाल मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबत. दिवसभर उन्हात राहून माल नरम पडला की भाव आपोआप उतरायचा, आणि खुडलेली द्राक्षं परत घरी नेऊन करणार काय? ज्याच्याकडे तळघर, पिंपं आणि तीन-चार वर्षं पैसे अडकवून ठेवायची ताकद, तोच या चौकातून सुटायचा. मला विचाराल तर या घराण्याची खरी परंपरा ही, बाकी लाकूड-बिकूड नंतर.

बार्तोलो तरुणपणी फॅसिस्टांविरुद्ध पार्टिझानांबरोबर, म्हणजे लपूनछपून लढणाऱ्या सशस्त्र गटांबरोबर होते. युद्धानंतर वडिलांच्या हाताखाली आले आणि 2005 साली जाईपर्यंत त्याच तळघरात राहिले. बागा चार : कानूबी, सान लोरेन्झो आणि रुए या बारोलो गावातल्या, आणि चौथी शेजारच्या ला मोर्रा गावच्या रोक्केत. डोल्चेत्तो, बार्बेरा वगैरे इतर द्राक्षांच्या बागा धरून सगळी जमीन जेमतेम पाच हेक्टर, आपल्या हिशेबाने बारा-साडेबारा एकर.

तर या चारही बागांचा नेब्बिओलो एकत्र करून ते एकच बारोलो करत. आज हे विचित्र वाटेल, कारण गेल्या चाळीसेक वर्षांत बागेच्या नावाला भाव आला. कानूबी ही बारोलो गावची सगळ्यात नावाजलेली टेकडी. तिची बाटली वेगळी काढली असती तर सरळ जास्त पैसे मिळाले असते. बार्तोलोंनी ती कधी काढली नाही. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे बारोलो असाच होत आला आहे. एका उतारावर लवकर पिकतं, दुसऱ्यावर उशिरा; एका वर्षी कोरडं जातं, दुसऱ्या वर्षी गारपीट एका टेकडीला झोडपून जाते आणि शेजारची सुटते. चार ठिकाणचा माल असला की वाइनचा तोल राहतो.

करायची रीत थोडक्यात सांगतो. काढणी ऑक्टोबरच्या मध्याला. रस सालांसकट काँक्रीटच्या टाक्यांत आंबतो, आणि आंबणं उरकलं तरी सालं लगेच काढत नाहीत. महिनाभर, काही वर्षी त्याहून जास्त, वाइन सालांवरच ठेवतात. मग स्लाव्होनियन ओकच्या काही हजार लिटरच्या जुन्या पिंपांत अडीच-तीन वर्षं. इतक्या मोठ्या आणि वापरून मुरलेल्या पिंपात लाकडाचा वास लागत नाही. फटींतून फक्त हवा लागते, अगदी थोडी थोडी.

1980 नंतर गावात दुसरं वारं आलं : फ्रेंच पद्धतीचं 225 लिटरचं नवंकोरं पिंप, म्हणजे बॅरिक. वाइन लवकर मऊ होते, व्हॅनिलाचा वास येतो, अमेरिकेत खपते. बार्तोलोंचा याला कडाडून विरोध. शेवटची बरीच वर्षं ते चाकाच्या खुर्चीत होते, तिथे बसून हाताने लेबलं रंगवायचे. त्यातलं एक जगभर पोचलं : 'नो बॅरिक, नो बर्लुस्कोनी' (बर्लुस्कोनी म्हणजे इटलीचे उजवे पुढारी). म्हाताऱ्याने वाइन आणि राजकारण एकाच ओळीत निकालात काढलं.

आता परवाच्या प्रश्नाकडे. मित्राच्या सासऱ्यांनी दिवाळीला (त्यांना दिवाळी म्हणजे काय ते आम्हीच समजावलं होतं) 1996 ची बाटली उघडली. पेल्यात ओतल्यावर पहिलं जाणवतं ते म्हणजे हिच्यातून पलीकडचं दिसतं. मध्ये फिकट तांबडी, कडेला विटकरी, अगदी काठाला नारिंगी. पहिल्या वासात ओल्या पाचोळ्यापलीकडे काही नाही. मी मनातून खट्टू. सासरेबुवा म्हणाले, जेवा तोवर. तासाभराने त्याच पेल्यात सुकलेले गुलाब, ज्येष्ठमध आणि रस्त्यावर डांबर टाकताना येतो तो वास, तिन्ही एकदम. आणि तोंडात तुरटपणा अजून शाबूत, पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर हिरड्यांवर राहतो तसा. हे नुसतं ठेवून दिल्याने होत नाही. ठेवून दिल्यावर टिकेल अशी मुळात करावी लागते.

गोदाकाठचा
दादा, आल्बाच्या चौकाचं वाचून हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे व्यापारी बागेत येतो एवढाच फरक. सौदा ठरतो एका भावाला, आणि खुडा अर्ध्यावर आला की "मण्याची साइज कमी निघाली" म्हणून किलोमागे पाच रुपये खाली. खुडलेला माल घेऊन जाणार कुठे, हे त्यालाही माहीत असतं. काही वर्षांपूर्वी एकाने चेकच वटू दिला नाही, नाव काढत नाही इथे.

प्रश्न असा, की हे नेब्बिओलो नाशकात कुणी का लावत नाही? शिराझ, कॅबर्ने, शेनिन लावतातच की.

तोरीनकर
गोदाकाठचा, तुम्ही छाटणीवाले आहात म्हणून त्याच भाषेत सांगतो. नेब्बिओलोच्या काडीचे बुडाचे डोळे (फुटवा येतो त्या जागा) जवळजवळ वांझ असतात. त्यामुळे आखूड छाटणी चालत नाही, लांब काडी ठेवून तारेवर आडवी बांधावी लागते. दुसरं म्हणजे ते लवकर फुटतं आणि फार उशिरा पिकतं. फुटवा लवकर म्हणून एप्रिलच्या कडाक्याच्या थंडीची भीती, पिकणं उशिरा म्हणून ऑक्टोबरच्या पावसाची भीती. त्यामुळे त्याला टेकडीचा सगळ्यात उबदार, दक्षिणेकडे तोंड केलेला उतार देतात. जुने लोक सांगत, बर्फ जिथे आधी वितळतो तिथे नेब्बिओलो लाव.

आणि त्याला हिवाळ्यात झोप लागते. आपल्याकडे वेल झोपतच नाही.

गोदाकाठचा
बरोबर. आम्ही एप्रिलला खरड छाटणी करतो, काडी तयार करून घेतो, ऑक्टोबरला फळछाटणी आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग, म्हणजे लेप. फळछाटणीपासून चार-साडेचार महिन्यांत माल तयार. तुमच्या त्या नेब्बिओलोला एवढ्यात घाईच होईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढत असताना साखर पळते आणि आंबटपणा उतरतो, वाइनवाले त्यासाठीच धावपळ करतात.

बुडाचे डोळे वांझ ही गोष्ट मात्र आवडली. खरड छाटणीनंतर काडीच्या कितव्या डोळ्यात घड आहे ते आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतो, मग ठरवतो कुठे कापायचं.

चष्मेबद्दूर
वाचतोय. रात्रीचे बारा वाजलेत आणि घरात फक्त कोकम आहे.

शंकासूर
लेख छान, पण मला यात भाबडेपणा फार दिसतो. 'जुनं ते सोनं' ही कथा विकायला सोपी. 1970 च्या दशकातल्या बारोलोबद्दल कुणी बोलत नाही : कितीतरी तळघरांत पिंपं कुजकट, वाइन आंबूस, उघडून बघावी तर अर्धी व्हिनेगर. एलिओ आल्तारे या तिथल्याच तरुण वाइनवाल्याने फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात जाऊन बघितलं की तिथला छोटा शेतकरी चांगला राहतो, आणि आपल्या गावचा तरुण मात्र कारखान्यात नोकरी शोधतोय. परत येऊन त्याने 1983 मध्ये वडिलांची जुनी पिंपं साखळी करवतीने कापून टाकली. बापाने त्याला वारशातून बेदखल केलं, मेल्यावर जमीन बहिणींकडे गेली आणि याला ती विकत घ्यावी लागली. माझ्या लेखी हिंमत ही.

घडांची विरळणी आल्तारेसारख्या या नव्या पोरांनीच सुरू केली. जुलै-ऑगस्टमध्ये चांगले हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात म्हणून गावाने वेड्यात काढलं होतं. आज तुमचे परंपरावालेही तेच करतात.

आणि परंपरा गरिबाच्या बाजूची असेल तर मास्कारेल्लोची एक बाटली शेकडो युरोंना का?

तोरीनकर
शंकासूर, पिंपांच्या स्वच्छतेबद्दल तुमचं म्हणणं मान्य, विरळणीबद्दलही. 1986 मधलं मेथॅनॉल प्रकरण तर तुम्ही सांगितलंच नाहीत. स्वस्त वाइनची ताकद वाढवायला मेथॅनॉल मिसळलं, वीसेक माणसं दगावली, कित्येक आंधळी झाली. ते केलं बारोलोच्या अगदी जवळच्या, नार्झोले गावच्या एका व्यापाऱ्याने. त्यानंतर इटालियन वाइन म्हटलं की लोक दचकायचे, आणि विश्वास परत आणायला या नव्या पोरांची धडपड कामी आली, हे खरं.

पण बार्तोलोंचा आक्षेप स्वच्छतेला नव्हताच. त्यांचं म्हणणं असं की नव्या लाकडाचा वास एकदा लागला की कानूबी काय आणि कॅलिफोर्निया काय, सगळं सारखं. आणि बघा, पुढे काय झालं ते. एकेकाळचे बॅरिकवाले बरेचसे पुन्हा मोठ्या पिंपांकडे वळलेत किंवा नवं लाकूड कमी केलंय.

भावाबद्दल : सगळ्या वाइन धरून वर्षाला तीसेक हजार बाटल्या. मागणी जगभरची. तळघरातून निघताना जो भाव असतो आणि लंडन-न्यूयॉर्कच्या दुकानात जो लागतो, त्यातला फरक शेतकऱ्याच्या खिशात जात नाही. तरीही तुमचा मुद्दा उरतोच. आज त्या टेकडीवर एक हेक्टर घ्यायचं तर दहा लाख युरोही पुरत नाहीत. जूलिओसारखा एखादा आज नव्याने सुरू करूच शकणार नाही.

शंकासूर
शेवटच्या वाक्यावर एकमत. बाकी वाद चालू राहील.

अणुरेणू
वरच्या 1996 च्या रंगाबद्दल थोडं. फिकट रंग म्हणजे वाइन 'उतरली' असं समजू नका, नेब्बिओलो तरुणपणीही फिकटच असते. द्राक्षाच्या सालीत अँथोसायनिन गटातली रंगद्रव्यं असतात. बहुतेक गडद जातींत त्यातलं माल्विडिन जास्त, ते टिकाऊ. नेब्बिओलोत पिओनिडिन आणि सायनिडिनचं प्रमाण मोठं, ती चटकन ऑक्सिडाइझ होतात. म्हणून पाच-सात वर्षांतच काठाला विटकरी छटा येते.

टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, मात्र भरपूर, सालीतही आणि बियांतही. काळाप्रमाणे त्याचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात, मोठे होत जातात, काही तळाशी गाळ म्हणून बसतात. म्हणून जुन्या बाटलीत गाळ असणं साहजिक आहे. आम्ल मात्र फारसं हलत नाही. जुन्या बारोलोला उभं ठेवतं ते आम्ल. तोरीनकरांनी तुरटपणावर एवढं लिहिलं आणि आंबटपणाला एक शब्द नाही!

माणदेशी
इटलीची द्राक्षं महाराष्ट्रात बघायची असतील तर नाशकाला कशाला, आमच्या अकलूजकडे या. फ्रातेल्लीची बाग मोटेवाडीला. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरच्या भावांनी मिळून काढलेली कंपनी, आणि वाइन करायला तोस्कानाहून पिएरो मासी आले. त्यांनी सांजोव्हेझे लावलंय, तोस्कानाच्या कियांती वाइनमधलं मुख्य द्राक्ष. त्यांची 'सेत्ते' ही त्याच सांजोव्हेझेची कॅबर्नेसोबतची वाइन. उसाच्या पट्ट्यात हे होईल असं आधी कुणाला वाटलं नव्हतं. माझे चुलते अजून म्हणतात, एवढ्या पाण्यात तीन एकर ऊस झाला असता. (उलट आहे, पण त्यांना कोण सांगणार.)

संत्रानगरीकर
मंडळी, इथे जाणकार दिसताहेत म्हणून विचारतो. माझ्या साळ्याने जर्मनीहून येताना 2006 ची एक बारोलो आणली होती. उत्पादक मास्कारेल्लो नाही, दुसराच कुणी. 'खूप वर्षं ठेव, भारी होईल' म्हणाला, म्हणून बायकोने ती स्वयंपाकघरात फ्रिजच्या वरच्या कपाटात ठेवली. ठेवून बरीच वर्षं झाली. नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहेच. आता काय करू?

अणुरेणू
अरे देवा.

चष्मेबद्दूर
फ्रिजच्या वर! आतसुद्धा नाही!

तोरीनकर
संत्रानगरीकर, घाबरू नका, पण आशाही फार ठेवू नका. बारोलो मुरायला 12-14 अंशांचं स्थिर तापमान, अंधार आणि थोडी दमट हवा लागते. फ्रिजच्या पाठीमागून गरम हवा येते ती थेट त्या कपाटात. बुचाकडे बघा : बाहेर ढकललं गेलंय का, वरचं आवरण चिकट झालंय का? तसं असेल तर आतली वाइन गरमीने फुगून बाहेर आली आणि हवा आत गेली.

तरी उघडायचीच आहे. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल. जुनं बूच ठिसूळ असतं, मळसूत्राने मधोमध भोक पडून भुगा होतो. दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर उत्तम, पाती बुचाच्या दोन्ही कडांना सरकवून हळूहळू पिळत वर काढायचा. मग एका दमात, बाटली न हलवता, दुसऱ्या भांड्यात ओता. बाटलीच्या मानेखाली बॅटरीचा उजेड धरा, गाळ मानेशी आला की थांबा. फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून प्या. नागपुरात 'खोलीच्या तापमानाला' हा सल्ला ऐकू नका.

लवंगलता
आणि सोबत काय खायचं? तिखटाबरोबर देऊ नका, एवढं मी सांगते. आम्ही तांबड्या रश्श्याबरोबर एक तरुण बारोलो घेतली होती. टॅनिन आणि मिरची एकत्र आले की तोंडात नुसता कडूपणा आणि जळजळ, ना रश्श्याची चव ना वाइनची. पांढऱ्या रश्श्याबरोबर मात्र छान लागली. तूप, खसखस, मटणाचा अर्क, तिखट बेताचं.

तोरीनकर
लवंगलता, अगदी. तिकडेही लोक ती चरबीच्या जेवणाबरोबरच घेतात. ताजारीन म्हणजे भरपूर अंड्यांचे बारीक शेवयांसारखे नूडल्स, वर लोणी. हिवाळ्यात पैसे असतील तर आल्बाचे पांढरे ट्रफल (जमिनीखाली उगवणारी वासाची बुरशी) किसून.

बार्तोलोंच्या जवळच्या आणखी दोघांबद्दल लिहायचं राहिलं होतं. बेप्पे रिनाल्दी, मूळचा जनावरांचा डॉक्टर, त्याच गावचा, 2018 मध्ये गेला. तोही दोन-दोन बागांची नावं जोडून वाइन करायचा. 2010 पासून नियम आला की लेबलवर एकापेक्षा जास्त बागांची नावं नकोत, तेव्हा त्याला वाइनची मांडणीच बदलावी लागली, पण कुरकुर त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. दुसरे तेओबाल्दो काप्पेल्लानो, सेर्रालुंगाचे. यांनी समीक्षकांना विनंती केली की माझ्या वाइनला गुण देऊ नका, आणि ती चक्क मागच्या लेबलवर छापली.

बार्तोलोंचं तळघर आता त्यांची मुलगी मारिया तेरेसा चालवते. कानूबी हे नाव आजूबाजूच्या उतारांनाही लावू द्यायचं की नाही यावरून कोर्टकचेरी झाली, त्यात ती विरोध करणाऱ्यांमध्ये होती. 2013 मध्ये निकाल विरुद्ध गेला. बारोलो मात्र अजूनही बागा एकत्र करून केलेला एकच.

शंकासूर
गुण देऊ नका, असं छापणाऱ्या माणसाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

संत्रानगरीकर
उघडली. बूच अर्ध्यात तुटलं, उरलेलं आत ढकलावं लागलं, चहाच्या गाळणीतून गाळली. रंग तपकिरी. वास सुका मेवा आणि मनुकांचा, चव आंबट आणि सपाट. साळ्याला फोटो पाठवला, त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. ओतून देऊ का?

तोरीनकर
ओतू नका! शिजलीच आहे तर नीट शिजवा. तिकडे 'ब्राझातो' करतात गोमांसाचं, तुम्ही बोकडाच्या मांडीचं करा. मटणाचे मोठे तुकडे, कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, हे सगळं त्या वाइनमध्ये रात्रभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी मटण पुसून तुपात किंवा लोण्यात चांगलं लालसर परता, भाज्या आणि वाइन घाला, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर तीन तास. कुकर नको. शेवटी भाज्या घोटून रस दाट करा, चव बघा, आंबट वाटला तर चिमूटभर साखर.

लवंगलता
तमालपत्र एकच घाला हो, आणि मीठ शेवटी. रस आटतो.

संत्रानगरीकर
बायको विचारतेय, सावजी मसाला घातला तर चालेल का?

अणुरेणू
आता वाइनला काहीच होणार नाही, बिनधास्त घाला.